संगणकाच्या कार्यपट्टीवरील अनाहूत चिन्हे : त्यांची कारणे व निराकरण

१. विषयप्रवेश

जुन्या वाड्याच्या देवडीपाशी काढून ठेवलेल्या पादत्राणांवरून आत कोण कोण येऊन बसले आहे, ह्याचा अंदाज घरच्या माणसास सहज करता येत असे. विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी जी लहान लहान चित्रे ओळीने मांडलेली दिसतात, त्यांचे कार्य थोडेफार ह्या पादत्राणांसारखेच आहे. प्रत्येक चित्र म्हणजे आत कार्यरत असलेल्या एखाद्या आज्ञावलीची खूण होय. ध्वनी किती मोठा ठेवला आहे, संगणक जाळ्याशी जोडलेला आहे की नाही, विषाणुरोधक आज्ञावली जागी आहे काय, ह्या गोष्टी त्या खुणांवरून एका दृष्टिक्षेपात कळतात.

परंतु एखाद्या सकाळी संगणक सुरू करावा आणि त्या ओळीत कधी न पाहिलेले एखादे चिन्ह येऊन बसलेले आढळावे, असा अनुभव बहुतेकांना कधी ना कधी येतो. ते कोणी आणले हे उमगत नाही. बंद केले तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर होते. अशा वेळी काही जण त्याकडे दुर्लक्ष करतात, तर काही जण घाईघाईने हाती लागेल ते पुसून टाकतात. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. पादत्राणे पलंगाखाली सारल्याने पाहुणा परत जात नाही, आणि ओळख पटण्यापूर्वी पाहुण्यास बाहेर काढल्याने कधी कधी घरचाच माणूस बाहेर काढला जातो. म्हणून ह्या चिन्हांचा विचार कार्यकारणाच्या दृष्टीने, क्रमाक्रमाने करणे इष्ट आहे. प्रस्तुत पाठाचा हाच हेतू आहे.

२. चिन्ह कोण काढते?

घड्याळाजवळील ही जागा प्रथम विंडोज ९५ ह्या प्रणालीत, म्हणजे १९९५ साली, अस्तित्वात आली. लोकव्यवहारात तिला ‘सिस्टिम ट्रे’ असे म्हणतात. प्रणालीच्या निर्मात्यांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थ ‘सूचनाक्षेत्र’ असा आहे. ह्या लेखात आपण तोच शब्द वापरू.

येथे एक गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे. चिन्हाचे चित्र ज्या आज्ञावलीचे असते, ती आज्ञावली ते स्वतः पडद्यावर रेखाटीत नाही. ती विंडोज एक्सप्लोरर ह्या आज्ञावलीस विनंती करते. कार्यपट्टी व सूचनाक्षेत्र ह्यांची व्यवस्था पाहणारा कारभारी तो हाच. विनंती मुख्यतः तीन प्रकारची असते : चिन्ह मांडा, चिन्ह बदला, चिन्ह काढून घ्या. विनंतीबरोबर चित्र, माउस वर नेला असता दिसावयाचा छोटा मजकूर, आणि जिच्याकडे क्लिकचा निरोप पोचवावयाचा त्या खिडकीची ओळख, एवढी माहिती दिली जाते. त्या मजकुरास प्रारंभी ६४ अक्षरस्थाने होती. विंडोज २००० पासून ती १२८ झाली.

ह्या व्यवस्थेतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. चिन्ह आणि आज्ञावली ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. चिन्ह लपविले तरी आज्ञावली चालूच राहते. आणि आज्ञावली अकस्मात मृत झाली, तर तिचे चिन्ह काही काळ मागे उरू शकते. पुढील सर्व विवेचन ह्या एका तत्त्वावर उभे आहे.

३. चिन्हांचे चार वर्ग

आपणास नकोशा वाटणाऱ्या चिन्हांचे सामान्यतः चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग प्रणालीच्या स्वतःच्या चिन्हांचा. ध्वनी, जाळे, विद्युत्‌घट, कळफलकाची भाषा ही चिन्हे ह्या वर्गात येतात. त्यांच्यात दोष काही नसतो. त्यांतील काही दाखवावीत की नाही, एवढाच आवडीनिवडीचा प्रश्न असतो.

दुसरा वर्ग जिवंत आज्ञावलींच्या चिन्हांचा. मुद्रणयंत्राबरोबर आलेली साहाय्यक आज्ञावली, संदेशवाहक, फायलींची प्रत दूरच्या साठ्यात ठेवणारी आज्ञावली, ही त्याची उदाहरणे. पुष्कळदा आपण एक वस्तू बसवितो आणि तिच्याबरोबर दुसरी न विचारता येते. खऱ्या तक्रारी बहुतेक ह्याच वर्गासंबंधी असतात.

तिसरा वर्ग मृत चिन्हांचा. आज्ञावली नीट बंद झाली तर जाताना ती ‘चिन्ह काढून घ्या’ अशी विनंती करते. परंतु ती मध्येच कोसळली, किंवा कोणी तिला बळाने थांबविले, तर ही विनंती राहून जाते. कारभाऱ्यास तिच्या जाण्याची वार्ता नसल्यामुळे चित्र तसेच राहते. त्यावर माउस नेताच कारभारी त्या चिन्हाच्या धनिणीस, म्हणजे संबंधित खिडकीस, शोधू लागतो; ती नाही असे कळताच चित्र नाहीसे होते. एकाच आज्ञावलीची चार-पाच चिन्हे ओळीने दिसली आणि माउस फिरविताच ती एकामागून एक मावळली, तर त्याचे कारण हे होय. येथे चिन्हावर उपाय करण्याचे कारण नाही; मात्र ती आज्ञावली वारंवार का कोसळते, ह्याचा शोध घ्यावा.

चौथा वर्ग केवळ नोंदींचा. पूर्वी दिसलेल्या चिन्हांची आठवण प्रणाली आपल्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, जपून ठेवते. त्यामुळे कधीच काढून टाकलेल्या आज्ञावलीचे नाव सेटिंग्जमधील यादीत दिसत राहते. हे नाव निरुपद्रवी असते. त्यासाठी रजिस्ट्रीत हात घालणे म्हणजे भिंतीवरील जुना खिळा काढण्यासाठी भिंत पाडण्यासारखे आहे.

४. परीक्षेचा क्रम

वैद्य जसा प्रथम पाहतो, मग विचारतो, मग नाडी धरतो, आणि औषध सर्वांत शेवटी देतो, तसाच क्रम येथेही ठेवावा.

पहिली पायरी : चिन्हावर माउस नेऊन क्षणभर स्थिर ठेवावा. चिन्ह नाहीसे झाले तर ते तिसऱ्या वर्गातील होते, असे समजावे. नाव दिसले तर ते टिपून ठेवावे.

दुसरी पायरी : चिन्हावर उजवे क्लिक करावे. प्रामाणिक आज्ञावली बहुधा आपल्या सेटिंग्जचा आणि बाहेर पडण्याचा, म्हणजे ‘एक्झिट’चा, पर्याय देते. सेटिंग्जमध्ये ‘संगणकाबरोबर सुरू व्हावे’ अशा अर्थाची खूण असल्यास ती काढावी. जो उपाय आज्ञावली स्वतः देऊ करते, तो सर्वांत सुरक्षित होय.

तिसरी पायरी : नाव कळले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. तेथे चालू आज्ञावलींची यादी असते. संशयित नावावर उजवे क्लिक करून ‘ओपन फाईल लोकेशन’ निवडल्यास ती फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तो उघडतो. फोल्डरच्या नावावरून उत्पादकाचा पत्ता पुष्कळदा लागतो.

चौथी पायरी : त्या फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा विभाग असल्यास कोणी सही केली आहे हे पाहावे. येथे दोन सूचना आवश्यक आहेत. विंडोजच्या स्वतःच्या अनेक फायलींची सही वेगळ्या सूचीत ठेवलेली असते, म्हणून हा विभाग नसणे हा दोषाचा पुरावा नव्हे. उलट, विंडोजच्या एखाद्या घटकाचे नाव धारण केलेली फाईल विंडोजच्या फोल्डरबाहेर भलत्याच ठिकाणी आढळली, तर तिच्याविषयी संशय धरणे योग्य होय.

आणि संशय बळावला तर? मग हाताने पुसापुशी न करता ‘विंडोज सिक्युरिटी’ ह्या अंगभूत संरक्षकाकडून तपासणी करवावी. विंडोज १० व ११ मध्ये ‘ऑफलाइन’ तपासणीची सोय आहे. ती संगणक पुन्हा सुरू करून, नेहमीच्या विंडोजच्या बाहेर राहून शोध घेते; त्यामुळे विंडोज चालू असताना लपणाऱ्या आज्ञावलीस आडोसा मिळत नाही.

५. आमंत्रण कोठे दडलेले असते?

बंद केलेले चिन्ह दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, ह्याचा अर्थ त्या पाहुण्यास कोठे तरी कायमचे आमंत्रण दिलेले आहे. असे आमंत्रण असण्याच्या मुख्य जागा चार आहेत.

पहिली, ‘स्टार्टअप’ नावाचा फोल्डर. त्यात ज्या आज्ञावलीचा संदर्भ ठेवलेला असेल, ती आपण प्रवेश करताच सुरू होते. दुसरी, रजिस्ट्रीतील ‘रन’ नावाची कळ. ती एक संपूर्ण यंत्रासाठी व एक प्रत्येक वापरणाऱ्यासाठी, अशी दोन ठिकाणी असते. तिसरी, ‘टास्क शेड्युलर’ हे वेळापत्रक. ठरावीक वेळी अथवा ठरावीक घटना घडताच ते एखादी आज्ञावली जागी करते. चौथी, ‘सर्व्हिसेस’, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या सेवा.

पहिल्या दोन जागांतील नोंदी पाहण्यासाठी रजिस्ट्री उघडण्याची गरज नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’चा विभाग दिलेला आहे. तेथील नोंदीवर उजवे क्लिक करून ‘डिसेबल’ निवडावे. ह्या कृतीने काहीही पुसले जात नाही. केवळ आमंत्रण स्थगित होते, आणि चूक झाल्यास ‘एनेबल’ निवडून ते पूर्ववत करता येते. परत फिरता येईल असा उपाय आधी करावा, हा नियम केवळ संगणकालाच लागू आहे असे नव्हे.

चारही जागा एकत्र पाहावयाच्या असल्यास ‘ऑटोरन्स’ हे विनामूल्य साधन उपयुक्त आहे. मार्क रसिनोविच व ब्राइस कॉग्जवेल ह्यांनी सुरू केलेल्या सिसइंटर्नल्स ह्या संस्थेतून ते निघाले. २००६ साली मायक्रोसॉफ्टने ती संस्था विकत घेतली. त्या साधनात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी झाकून फक्त परक्या नोंदी पाहता येतात, त्यामुळे यादी पुष्कळच आटोपशीर होते.

तरीही अपराधी सापडला नाही, तर अर्धीकरणाची रीत वापरावी. समजा, १६ नोंदी संशयित आहेत आणि त्यांतील एकच त्या चिन्हास कारण आहे. एकेक नोंद स्थगित करून पाहिल्यास संगणक १५ वेळा पुन्हा सुरू करावा लागण्याचा संभव आहे. त्याऐवजी ८ नोंदी स्थगित कराव्यात. चिन्ह आले नाही तर अपराधी त्या ८ मध्ये आहे. आले तर उरलेल्या ८ मध्ये. असे ८, ४, २, १ करीत गेल्यास चारच खेपांत निर्णय होतो. काम संपल्यावर निरपराध नोंदी पुन्हा चालू करण्यास मात्र विसरू नये.

६. पडद्यामागील सेवा

कधी कधी आज्ञावली बंद करूनही तिचा परिणाम चालूच राहतो. ह्याचे कारण समजण्यासाठी सेवांची रचना थोडी जाणली पाहिजे. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ च्या सुमारापासून, सेवांना एका स्वतंत्र सत्रात ठेवण्यात आले. त्या सत्राचा क्रमांक शून्य. सुरक्षिततेसाठी केलेल्या ह्या विभागणीमुळे सेवेला आपल्या पडद्यावर काहीही दाखविता येत नाही. मग चिन्ह कसे दिसते? सेवेची एक लहानशी सहचारिणी आज्ञावली आपल्या सत्रात चालविली जाते आणि चिन्ह ती मांडते.

म्हणजे येथे पाहुणे दोन आहेत. एक माजघरात बसलेला व एक ओसरीवर. ओसरीवरच्याला बाहेर घालविले, तरी माजघरातील तसाच राहतो, आणि पुष्कळदा तोच पहिल्यास परत बोलावून घेतो. अशा आज्ञावलीला खरोखर निरोप द्यावयाचा असेल, तर सेटिंग्जमधील आज्ञावलींच्या यादीतून ती रीतसर विस्थापित करावी. सेवा आणि सहचारिणी दोघीही त्यामुळे एकदम जातात.

७. एक प्रत्यक्ष उदाहरण

येथवर जे सांगितले त्याचे ठळक उदाहरण २०१५–१६ मध्ये जगभर पाहावयास मिळाले. १ जून २०१५ च्या सुमारास विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्या असंख्य लोकांच्या सूचनाक्षेत्रात विंडोजचे एक लहान पांढरे मानचिन्ह प्रकट झाले. ‘विंडोज १० मिळवा’ असे ते सुचवीत होते. ते आले होते मायक्रोसॉफ्टच्या केबी ३०३५५८३ ह्या अद्ययावतीकरणातून. विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झाली आणि विनामूल्य देकार पुढे वर्षभर, २९ जुलै २०१६ पर्यंत, खुला होता.

ज्यांना ते चिन्ह नको होते, त्यांनी काय केले ते पाहणे उद्बोधक आहे. प्रथम त्यांनी चिन्ह लपविले; आज्ञावली चालूच राहिली. मग त्यांनी टास्क मॅनेजरमधून आज्ञावली थांबविली; वेळापत्रकातील नोंदींनी तिला पुन्हा जागे केले. नंतर त्यांनी अद्ययावतीकरणच विस्थापित केले. पुढील खेपेस ते पुन्हा देऊ करण्यात आले. ते यादीत झाकून ठेवावे लागले, किंवा अशा वर्तनास बंदी करणारी नोंद रजिस्ट्रीत करावी लागली. चिन्ह, आज्ञावली, आमंत्रण आणि आमंत्रणाचा उगम, ह्या चार पायऱ्या उतरल्याशिवाय कारण हाती लागले नाही.

ह्याच प्रकरणात अधिक गंभीर असा एक प्रश्न उद्भवला. २०१६ च्या मे महिन्यात दिसणाऱ्या सूचनेत, ठरलेल्या वेळी नवी प्रणाली बसविली जाईल असे लिहिलेले असे. कोपऱ्यातील फुलीवर क्लिक करून ती खिडकी बंद केली, तर ठरलेला बेत रद्द न होता कायम राहत असे. वर्षानुवर्षे ज्या फुलीचा अर्थ ‘नको’ असा लोकांनी जाणला, तिचा अर्थ येथे ‘असू द्या’ असा झाला. टीका झाल्यावर जूनअखेर ही पद्धत बदलण्यात आली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ती आज्ञावली काढून टाकणारे अद्ययावतीकरण आले. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. परंतु ह्या घटनेचा बोध जुना झालेला नाही. संगणक कोणाच्या संमतीने चालावा, हा प्रश्न एवढ्याशा चित्रातूनही उभा राहू शकतो.

८. काय काढू नये, आणि कशाकडे दुर्लक्ष करू नये

विषाणुरोधकाचे चिन्ह नकोसे वाटले तर ते लपवावे. आज्ञावली मात्र बंद करू नये. स्पर्शफलक, ध्वनी किंवा चित्रपडदा ह्यांच्या साहाय्यक आज्ञावली बंद केल्यास काही सोयी नाहीशा होतात, म्हणून त्यांच्याविषयी विचार करून निर्णय घ्यावा. बाहेरची स्मरणपट्टी सुरक्षितपणे काढण्यासाठी असलेले चिन्ह उपयोगाचे आहे.

चिन्ह लपविण्याची रीत सोपी आहे. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘पर्सनलायझेशन’, ‘टास्कबार’ ह्या मार्गाने जाऊन ‘अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स’ उघडावे. तेथे प्रत्येक चिन्हापुढे एक कळ आहे. ती बंद केल्यास चिन्ह वर तोंड केलेल्या बाणामागील कप्प्यात जाते. विंडोज ७ पासून कोणते चिन्ह बाहेर ठेवावे व कोणते कप्प्यात, हे ठरविण्याचा अधिकार आज्ञावलीकडे न ठेवता वापरणाऱ्याकडे ठेवलेला आहे. तो अधिकार बजावावा. पण महिन्यातून एकदा त्या बाणावर क्लिक करून आत कोण आहे तेही पाहावे.

कारण दुर्लक्षाची किंमत केवळ संगणक मंदावणे एवढीच नसते. ‘तुमचे खाते बंद होत आहे’ किंवा ‘तुमच्या संगणकात बिघाड आहे’ असा दूरध्वनी करून, एखादी दूरनियंत्रणाची आज्ञावली बसविण्यास सांगणारे ठक आज पुष्कळ आहेत. अशा आज्ञावलीद्वारे होणाऱ्या फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये इशारा दिला होता. संभाषण संपल्यावरही ती आज्ञावली आत चालू राहू शकते, आणि तिची बाहेरून दिसणारी एकमेव खूण कधी कधी सूचनाक्षेत्रातील ते लहान चिन्हच असते. तसे आढळल्यास प्रथम संगणक जाळ्यापासून तोडावा. मग आज्ञावली विस्थापित करावी. दुसऱ्या विश्वसनीय यंत्रावरून परवलीचे शब्द बदलावेत. आणि बँकेस विनाविलंब कळवावे. घरातील वडीलधाऱ्यांच्या संगणकाची ही पाहणी तरुणांनी अवश्य करावी.

९. करून पाहण्याजोगे दोन प्रयोग

पहिला प्रयोग : सर्व काम जतन करून घ्यावे. सूचनाक्षेत्रात चिन्ह असलेली एखादी साधी, बिनमहत्त्वाची आज्ञावली टास्क मॅनेजरमधून ‘एंड टास्क’ करून थांबवावी. बहुधा तिचे चिन्ह मागे उरते. आता त्यावर माउस न्यावा आणि काय होते ते पाहावे. चिन्ह व आज्ञावली ह्यांतील भेद येथे डोळ्यांनी दिसतो.

दुसरा प्रयोग : टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रिस्टार्ट’ करावे. कार्यपट्टी क्षणभर लोपून पुन्हा प्रकटते. परत आल्यावर कारभारी ‘कार्यपट्टी नव्याने तयार झाली आहे’ अशी दवंडी सर्व आज्ञावलींना देतो, आणि ज्या ती ऐकतात त्या आपले चिन्ह पुन्हा मांडून घेतात. एखादे चिन्ह परत आले नाही, तर त्याची आज्ञावली मृत नाही. तिने फक्त दवंडीकडे लक्ष दिलेले नाही. चिन्ह नाही म्हणून आज्ञावली नाही, असे समजणे किती धोक्याचे आहे, हे ह्यावरून कळून येईल.

१०. समारोप

सारांश, अनाहूत चिन्ह दिसताच चार प्रश्न विचारावेत : हे जिवंत आहे की मृत? ते कोणाचे आहे? त्याला आमंत्रण कोठून मिळते? ते गेल्याने आपले काही अडेल काय? ह्या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर उपाय आपोआप सुचतो, आणि तो बहुधा लहानसाच असतो. यंत्रविद्येचे विशेष शिक्षण नसलेल्या माणसासही हा शोध घेता येतो; त्यास केवळ धीर व क्रम हवा. संगणक आपल्या घरात आहे. त्याच्या देवडीवर कोणाची पादत्राणे आहेत, हे विचारण्याचा हक्क घरधन्याचा आहे, आणि ते वेळोवेळी पाहत राहणे हे त्याचे कर्तव्यही आहे.